कालीचाच्या सहा भट्ट्या

आमच्या कोक-चाप गावात दगडी इमारत एकच, आणि तिच्यात राहिलेल्या एकाही माणसाचं दुसऱ्याशी कधी पटलं नाही. झारच्या कोसाक शिपायांनी ती बराक बांधली. ते आपसात चाबकांनी मारामाऱ्या करायचे, असं माझे आजोबा सांगत. त्यांच्यानंतर लाल घोडदळ आलं. मग घोडी गेली नि शाळा आली. मी त्याच शाळेत चार इयत्ता शिकलो, पुढं शिकायला गावात इयत्ताच नव्हती. शाळेनंतर लोकरीचं कोठार झालं, मग सीमेवर काही खुट्ट झालं म्हणून दोन वर्षं पुन्हा शिपाई, मग बिऱ्हाडं. एका टोकाला, जिथं घोडी बांधत, तिथं आता मशीद आहे, आणि दुसऱ्या टोकाला माझा पुतण्या परदेशी पाहुण्यांना खाटा भाड्यानं देतो. पाहुणे भिंतीवर हात फिरवतात आणि म्हणतात, किती शांत जागा! मला हसू आवरत नाही.

एवढे सगळे आले नि गेले, पण कालीचा-एजे होती तिथंच होती. ती भट्टीवाली. बराकीला मधोमध लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, आणि भिंतींत बसवलेल्या सहा उंच भट्ट्या, काळ्या पत्र्यानं मढवलेल्या. गंमत अशी, की सगळ्या भट्ट्यांची तोंडं बोळात. शिपायांची झोप मोडू नये म्हणून कोसाकांनी तशी सोय केली होती. त्यामुळं खोलीत बसणारा कोणीही असो, कप्तान असो की मास्तर, त्यानं ऊब किती घ्यायची हे बोळातली बाई ठरवणार.

कालीचा सोळा वर्षांची असताना शाळेत भट्ट्या पेटवायला लागली. आम्ही पोरं तिला मास्तरांपेक्षा जास्त भ्यायचो. एकदा आमच्या गणिताच्या मास्तरांनी तिला "ए पोरी" म्हणून हाक मारली. पुढचे आठ दिवस आमच्या वर्गात दौतीतली शाई गोठली. शेजारच्या वर्गातली पोरं मात्र सदऱ्यावर बसायची. नवव्या दिवशी मास्तर स्वतः बोळात गेले नि म्हणाले, "कालीचा-एजे, जरा कृपा करा." मास्तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी एजे, म्हणजे ताई म्हणाले! ती म्हणाली, "बघते. लेंड्यांच्या विटा ओल्या आहेत." विटा कसल्या ओल्या! मेंढ्यांच्या गोठ्यातून कापून उन्हात वाळवलेल्या, खडखडीत. पण दुपारपर्यंत शाई वितळली.

तिचं एक होतं, काम अर्धंमुर्धं करायचं नाही. पेटवायची तर पुरती. हे ध्यानात ठेवा, कारण तिच्या आयुष्याचं वाटोळं याच गुणानं केलं.

तिचा नवरा बोरोनबाय. हिमवादळात जन्मला म्हणून आईबापांनी नावातच वादळ घातलं, पण माणूस असा की बोलला तर शेजाऱ्याला कळू नये. शाळा मोडून बराकीत लोकरीचं कोठार झालं तेव्हा तो तिथं राखणदार लागला, किल्ल्या त्याच्याकडे. कालीचा झाडलोट करायची. कोठाराचा मुख्य होता शामेन. उंच, गोरा, टोपी नेहमी नवी. बोलायला लागला की मेंढपाळ आपली लोकर वजनात कमी भरली हे विसरून त्याचे आभार मानून जायचे.

पुढचं आम्हाला कळलं तीस वर्षांनी, पण सांगायचं तर इथंच सांगायला हवं.

शामेननं त्या साली चांगली कोरडी लोकर एका लॉरीवाल्याला परस्पर विकली, आणि वजनाचा मेळ बसावा म्हणून उरलेल्या लोकरीवर पाणी मारलं. लोकर पाणी पिते, दिसत नाही, काटा मात्र खाली जातो. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात जिल्ह्याच्या गावाहून, नारिनहून, निरोप आला, तपासनीस तीन दिवसांत येतोय. ओल्या लोकरीला तर कुबट वास यायला लागला होता.

शामेन बोळात आला. "कालीचा, भट्ट्या पेटव. जरा ओल काढ."

"लोकरीच्या कोठारात विस्तव? बाइके, अहो दादा, शुद्धीवर आहात ना? काडी ओढली तरी सात वर्षं आत घालतात."

"मी सांगतोय ना. मुख्य मी आहे. पेटव, आणि कोणाला बोलू नको."

तिनं पेटवल्या. आता तो म्हणाला होता *जरा*. वरची ओल गेली, वास गेला, की बस, आतलं पाणी आत राहिलं पाहिजे, हा त्याचा हिशोब. पण ते त्यानं सांगितलं नाही, आणि कालीचाला *जरा* हा शब्द माहीत नव्हता. तिनं सहाच्या सहा भट्ट्या दोन दिवस धडधडत ठेवल्या. गठ्ठे उलटेपालटे केले, मोकळे केले, पिंजून पसरले. लोकर अशी वाळली की हातात घेतली तर चुरचुर आवाज यायचा. शामेन तिसऱ्या दिवशी आला, मूठभर लोकर उचलली, आणि त्याचा चेहरा त्या लोकरीपेक्षा पांढरा झाला म्हणतात.

तपासनिसानं काटा लावला. चारशे किलो कमी.

"किल्ल्या कोणाकडे?"

किल्ल्या बोरोनबायकडे.

कालीचा ओरडायला तोंड उघडणार, तोच बोरोनबायनं तिला बोळात ओढलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्यानं तिथं केलं. "तू विस्तव पेटवलास हे बोललीस तर तू सात वर्षं जाशील. शामेन म्हणेल, मी सांगितलंच नव्हतं. पोरी दोघी, धाकटी अजून अंगावर पिते. मी गेलो तर तीन वर्षं. गप्प बस." आणि जाऊन कागदावर सही केली.

तीन वर्षांनी तो परत आला, केस पिकलेले, दोन दात गेलेले. गावानं त्याला दुसरं नाव तयारच ठेवलं होतं, लोकरचोर. पोरं तो दिसला की मेंढीसारखी ओरडायची, बें बें. लग्नकार्यात तो आत शिरला की कोणीतरी म्हणायचं, "टोप्या सांभाळा रे, बोरोनबाय आला," आणि सगळे हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला सांगू! तोही कसनुसं हसायचा, दाराजवळ बसायचा, वाटीभर चहा प्यायचा आणि लवकर निघायचा.

कालीचा मात्र हसायची नाही. ती भर रस्त्यात शामेनला शिव्या घालायची. "चोर तू! लॉरी कोणाची होती? बोल! टोपीखाली काय लपवलंस, टकल्या?" पण विस्तवाचा शब्द काढायची नाही, आणि विस्तवावाचून तिच्या बोलण्याला बूड नव्हतं. लोक म्हणायचे, नवरा चोर निघाला की बायको जगाला चोर म्हणते. हळूहळू तिचं ओरडणं आम्हाला घाटातल्या वाऱ्यासारखं झालं. येतंच आहे, कोण कान देतो?

मग बराकीत बिऱ्हाडं झाली. बोळ मध्ये भिंती घालून कापला, दर बिऱ्हाडाला बोळाचा एक तुकडा आणि एक खोली. आणि बिऱ्हाडं वाटायला सरकारनं नेमला कोण? शामेन! त्यानं स्वतःसाठी दक्षिणेच्या उन्हाच्या दोन खोल्या घेतल्या. घेताना एवढं मात्र बघायला विसरला, की त्या खोल्यांना ऊब देणाऱ्या भट्टीचं तोंड कालीचाच्या तुकड्यात गेलंय. त्याच्या वाट्याला भट्टीची पाठ.

अठरा वर्षं, बाबांनो! अठरा हिवाळे! मी दोन दारं सोडून राहायचो, नाटक बघायला पैसे पडायचे नाहीत.

भिंतीवर ठोकल्याचा आवाज यायचा. "कालीचा! लाकडं ओली घातलीस! माझ्या खोलीत धूर झालाय!"

"मग बाहेर जाऊन बस. तुझ्या तोंडाला धूर शोभतो."

"मी अर्ज करीन! तुला इथून हाकलीन!"

"कर. लिहिताना हात गारठतील, हातमोजे घाल."

"बोरोनबाय! अरे, बायकोला आवर!"

बोरोनबाय खोगीर शिवत बसलेला असायचा. तो सुईतला दोरा दातांनी तोडायचा आणि पुढचा टाका घालायचा. एकदा शामेनची बायको आजारी पडली तेव्हा मात्र तो उठला, चांगल्या विटा आणल्या नि स्वतः भट्टी पेटवली. कालीचा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी शामेनची बायको बरी झाली आणि तिनं ताटभर बोरसोक, तळलेल्या कणकेचे गोळे, पाठवले. कालीचानं ते सगळे कोंबड्यांना घातले, अंगणात, शामेनच्या खिडकीखाली उभं राहून, एकेक करून.

अशी ती. तुमच्याआमच्याशीही काही गोड नव्हती. माझ्या बायकोला, तुर्सुनायला, ती तीस वर्षांत एकदाही चहाला बस म्हणाली नाही. तरी मनातलं बोलायला यायची तिच्याचकडे, आणि आल्यावर उभ्यानंच बोलायची.

शहाण्णव साली वसंतात बोरोनबायनं अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. एका सकाळी कालीचा आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आठवडा काढणार नाही," ती म्हणाली. "तुर्सुनाय, मला एक सांग. नमाजाच्या आधी मुल्ला विचारणार ना?"

"विचारणारच की."

ते आमच्यात असतंच. मयत अंगणात ठेवतात, पुरुष रांगा करून उभे राहतात, आणि मुल्ला तीनदा विचारतो, हा माणूस कसा होता? लोकांनी म्हणायचं, चांगला होता. त्या उत्तराच्या बळावर माणूस पलीकडे जातो. आणि पहिलं उत्तर द्यायचं गावातल्या सर्वांत म्हाताऱ्यानं, मग बाकीच्यांनी.

"सर्वांत म्हातारा कोण आहे आता?" कालीचानं विचारलं.

दोघींनाही माहीत होतं. शामेन होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठी टेकीत चालणारा, पांढरी दाढी, पहिल्या रांगेचा मान त्याचा.

"तो तोंड उघडणार नाही," कालीचा म्हणाली. "तो खोकेल. सगळे त्याच्याकडे बघतील आणि खाली माना घालून पुटपुटतील. माझा माणूस अर्धवट पुटपुटीवर जाणार. आधीच त्यानं…" ती थांबली. मग एकदम तुर्सुनायच्या अंगावर खेकसली, "तुमच्या घरात केवढा हा कचरा!" आणि गेली.

तो गुरुवारी गेला. बराकीच्या अंगणात आम्ही नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभारला, आमच्यात मयताला घरात ठेवत नाहीत. तंबूत डाव्या अंगाला बायका बसल्या, मधोमध कालीचा, काळी चादर घेऊन, तोंड नमद्याकडे, पाठ जगाकडे. बाहेर पुरुष येत होते, लांबूनच "अरे माझ्या भावा" म्हणून हंबरडा फोडत. न येणं आमच्यात नसतं. वैरी असला तरी येतो. शामेनही आला. टोपी नवी होती.

दुपारी रांगा लागल्या. मुल्ला कापार पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, त्याचा आवाज इंजिनावरून ओरडून ओरडून मोठा झालेला. त्यानं विचारलं, "लोकहो, बोरोनबाय कसा माणूस होता?"

सगळ्यांच्या माना शामेनकडे वळल्या. शामेननं मूठ तोंडाशी नेली आणि खोकला. मागून काही जण पुटपुटले, "हं… बराच… चांगला." मीही पुटपुटलो.

रांगा लागल्यावर बायकांनी रडणं थांबवायचं असतं. थांबलं होतं. तेवढ्यात तंबूतून एकच आवाज निघाला. आम्हाला आधी कळेना कोणाचा, कारण कालीचाचा असा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. ती ओरडत नव्हती. ती विलाप गात होती, विधवेचा, जुन्या चालीत, हळू.

पाणी प्यालेली लोकर
वाळव म्हणाला शामेन,
सहा भट्ट्या पेटवल्या
माझ्या या दोन हातानं.

वजन गेलं धुराड्यानं
चोर ठरला माझा धनी,
मला वाचवाया गेला
तोंडामधी मूग धरुनी.

मुल्ला कापारनं तंबूकडे हात केला, थांबवा म्हणून. पण थांबवणार कोण? विधवेचा विलाप मध्येच तोडता येत नाही. तिला शिवी द्यायची असेल तर शिवी, शाप द्यायचा असेल तर शाप, ती संपवेल तेव्हाच संपतं. आमच्या आज्यांनी विलापात सुलतानांची उणीदुणी काढलीयत आणि सुलतान माना खाली घालून उभे राहिलेत. आम्हीही उभे राहिलो.

तिनं सगळं गायलं. लॉरीचा रंग गायला. तपासनिसाचं नाव गायलं. धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, तेही गायलं. मेंढीसारखं ओरडणाऱ्या पोरांची नावं घेतली, ती पोरं आता चाळिशीची, रांगेतच उभी होती. टोप्या सांभाळा म्हणणाऱ्यांची घेतली. माझंही घेतलं. कान असे तापले की काय सांगू! आणि दर चार ओळींनी पुन्हा तेच, पेटवणारी मी, पेटवणारी मी.

शेवटी तिचं संपलं.

मुल्लानं दुसऱ्यांदा विचारलं, "बोरोनबाय कसा माणूस होता?"

"चांगला होता!" असा आवाज झाला की मशिदीच्या छपरावरची कबुतरं उडाली. पण शामेनचे ओठ मिटलेले. तो काठीकडे बघत होता.

माझ्या शेजारी जुमाश मेंढपाळ उभा होता. त्याची लोकर शामेननं वर्षानुवर्षं कमी मोजलेली. तो रांगेतूनच म्हणाला, "शामेन-बाइके, ते सरकार गेलं. आता कोणाला भिता?"

"तीच म्हणतेय ना, मी पेटवली म्हणून," शामेन पुटपुटला. "मग मला काय विचारता?"

"तुम्हाला बोरोनबायचं विचारलंय," मुल्ला कापार म्हणाला, आणि तिसरा प्रश्न त्यानं रांगेला विचारलाच नाही. शामेनच्या समोर जाऊन उभा राहिला. "सांगा. कसा होता?"

शामेननं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग तो म्हणाला, "चांगला होता."

तंबूतून आवाज आला, आता नेहमीचा, कातरीसारखा. "मला ऐकू आलं नाही!"

बायकांनी तिला दाबलं असावं, चादरींची सळसळ झाली. शामेननं डोळे मिटले आणि छाती भरून ओरडला, "चांगला माणूस होता! माझ्यापेक्षा चांगला होता!" मग मागच्या सगळ्या रांगा ओरडल्या, आणि आम्ही बोरोनबायला उचललं.

तुम्हाला वाटेल, आता कालीचा निवली असेल. छे! सातवा दिवस झाला नि तिनं एक बोचकं बांधलं. त्यात लोकरी मोजे, वाळवलेला पाव, साबण. ते घेऊन बराकीच्या पायरीवर बसली. सकाळी बसायची, संध्याकाळी उठायची. मी विचारलं, "एजे, कुठं निघालात?"

"तुला डोळे नाहीत? पकडायला येतील त्यांची वाट बघतेय. सगळ्या गावासमोर बोलले ना मी. सात वर्षं."

"अहो, कोण येतंय आता?"

"तू गप. टोपी सांभाळ."

चार दिवस बसली. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी तिचा संताप अनावर झाला आणि बोचकं घेऊन स्वतःच पोलीस चौकीत गेली. मला बरोबर नेलं, साक्षीला म्हणे. तिथं एक कोवळा शिपाई, मिसरूड फुटत असलेला. तिनं सगळं सांगितलं, कोणत्या साली, किती भट्ट्या, किती दिवस. त्यानं लिहायला घेतलेलं पेन हळूच खाली ठेवलं.

"आपा," तो म्हणाला, "ते कोठार कोणाचं होतं?"

"सरकारचं."

"ते सरकार राहिलं नाही. कायदाही राहिला नाही. मी कोणत्या कलमाखाली धरू तुम्हाला?" आणि हसला बिचारा, चांगल्या मनानं. "जा घरी. चहा घेता?"

कालीचा उभी होती ती खुर्चीवर बसली. मी तिला कोणाच्या घरी बसलेली पाहिली नव्हती, ती चौकीत बसली. बोचकं मांडीवर. "एवढंच?" ती म्हणाली. "मग हे आधी का नाही सांगितलं कोणी? पाच वर्षं झाली ते सरकार जाऊन. पाच वर्षं तो घरात होता, जिवंत. तेव्हाच बोलले असते तर ते त्याच्या कानांनी ऐकलं असतं त्यानं!"

शिपायानं चहा पुढं केला. तिनं घेतला नाही. बोचकं उचललं आणि घरची वाट धरली.

बराकीशी आलो तर दाराच्या डावीकडच्या बाकावर शामेन बसलेला, उन्हाला. ती त्याच्यासमोर थांबली. मी म्हटलं, आता काठी तरी उचलणार हा किंवा ही.

"चौकीत जाऊन आले," ती म्हणाली. "कोणी येत नाही. कायदाच राहिला नाही म्हणतात."

शामेननं मान वर केली. "माझ्यासाठीही नाही?"

"तुझ्यासाठीही नाही."

म्हाताऱ्यानं इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं, तोही तीस-बत्तीस वर्षं तसाच झोपत होता, एक कान दाराकडे ठेवून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बाकावर थोडा सरकला, जागा केली आणि म्हणाला, "बस, कालीचा. दमली असशील."

तिनं त्या जागेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कायदा गेला असेल," ती म्हणाली. "चोर तो चोरच." आणि बोचकं काखेत मारून आत गेली.